अनाथ आमेन

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपला मिस्साविधी लॅटिनमधून मराठीत आला. वेदीकडे तोंड करून उभे असणारे धर्मगुरू भाविकांकडे वळले आणि ज्या प्रार्थना आपल्या वाडवडिलांनी अर्थ न कळताही श्रद्धेने कानांत साठवल्या होत्या, त्या मायबोलीत उमटू लागल्या. 'दोमिनुस वोबिस्कुम' गेले. 'किरिये एलेइसोन' ही ग्रीक याचना मराठीत दया मागू लागली. या सर्व स्थित्यंतरात तीन शब्द मात्र जागचे हलले नाहीत : आमेन, आलेलुया आणि होसान्ना. ते लॅटिनही नव्हते आणि ग्रीकही नव्हते. लॅटिन उपासनेत येण्यापूर्वी ते होते, आणि लॅटिन गेल्यावरही राहिले.

ही गोष्ट संत ऑगस्टीन यांच्याही ध्यानात आली होती. पवित्र शास्त्र कसे वाचावे याविषयी लिहिताना ते म्हणतात की, आमेन आणि आलेलुया या शब्दांचे भाषांतर करता आले असते. परंतु त्यांच्या पावित्र्याचा मान राखण्यासाठी ते मूळ रूपातच जपले गेले. सोळाशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतील एका महागुरूने केलेले हे निरीक्षण आपल्या धर्मग्रामातील मराठी मिस्सेलाही तंतोतंत लागू पडावे, याचे मला नवल वाटते.

हे शब्द हिब्रू आहेत. प्रभू येशूने, पवित्र मरियेने आणि प्रेषितांनी ते ज्या घरात उच्चारले, त्याच घरातून ते आपल्याकडे आले. शेजारच्या घरून विरजण आणावे आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरचे दही त्यावरच लागत राहावे, तसे हे शब्द आहेत. दही आपले असते. विरजण कोणाकडून आले होते, हे हळूहळू विस्मरणात जाते. ज्या घरातून ते आले, ते घर मात्र ओस पडलेले नाही. यहुदी समाज आजही त्याच शब्दांनी प्रार्थना करतो. आपण त्या घराकडे कसे पाहिले आणि आज कसे पाहतो, हा प्रश्न माझ्या मते केवळ शब्दकोशाचा नाही.

प्रथम 'आमेन'चा विचार करू. रविवारच्या एका मिस्सेत आपण हा शब्द किती वेळा उच्चारतो, हे मी एकदा मोजून पाहिले. संख्या दहाच्या आसपास गेली. 'तसे होवो' असा त्याचा अर्थ आपण मुलांना शिकवतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ज्या हिब्रू धातूपासून आमेन आला, त्याचा मूळ भाव दृढपणाचा, भरवशाचा आहे. श्रद्धा या अर्थाचा 'एमुना' हा शब्दही त्याच धातूपासून बनला आहे. म्हणून आमेन म्हणणे म्हणजे केवळ इच्छा प्रकट करणे नव्हे. जे आत्ता बोलले गेले ते भक्कम आहे, त्यावर मी पाय रोवून उभा आहे, अशी ती ग्वाही आहे.

यहुदी परंपरेत आमेन हे प्रामुख्याने ऐकणाऱ्याचे उत्तर असते. एकाने आशीर्वचन उच्चारावे आणि इतरांनी आमेन म्हणून ते आपलेसे करावे, अशी रीत आहे. तालमूद या ग्रंथात अलेक्झांड्रिया नगरीतील एका भव्य सभास्थानाचे वर्णन आले आहे. तेथे इतका प्रचंड समुदाय जमत असे की, प्रार्थना सांगणाऱ्याचा आवाज शेवटपर्यंत पोहोचत नसे. म्हणून मध्यभागी लाकडी व्यासपीठावर सेवक उभा राहून वस्त्र फडकवी, आणि ते पाहून सारा समुदाय एकमुखाने आमेन म्हणे.

त्याच तालमूदमध्ये सदोष आमेनचे प्रकार सांगितले आहेत. घाईघाईने, हिसकावून घेतल्यासारखे म्हटलेले एक. शेवट तोडून म्हटलेले दुसरे. आणि तिसरे 'यतोमा', म्हणजे अनाथ. आपण कोणत्या आशीर्वचनाला उत्तर देत आहोत, हे ठाऊक नसताना केवळ इतरांच्या सुरात सूर मिसळून म्हटलेले आमेन अनाथ असते, कारण ज्या वचनापासून त्याने जन्म घ्यायचा, तेच त्याला माहीत नसते. ही कल्पना वाचल्यापासून ती माझ्या मनातून जात नाही. आपली किती आमेन अशी अनाथ असतील?

आलेलुया आणि होसान्ना यांचीही हीच कथा आहे. 'हाल्लेलू' म्हणजे 'तुम्ही सर्व स्तुती करा', आणि 'याह' हे परमेश्वराच्या नावाचे संक्षिप्त रूप. तो आनंदाचा उद्गार तर आहेच. त्याबरोबर इतरांना दिलेले ते आवाहनही आहे. स्तोत्रसंहितेतील ११३ ते ११८ ही स्तोत्रे यहुदी परंपरेत 'हाल्लेल' म्हणून ओळखली जातात आणि वल्हांडणाच्या रात्री भोजनाच्या वेळी म्हटली जातात. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेले, असे मत्तय आणि मार्क सांगतात. ते हाल्लेल असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

त्याच स्तोत्रमालेच्या अखेरीस होसान्ना आहे. मूळ हिब्रूत तो 'होशिया ना' असा आहे आणि त्याचा अर्थ 'कृपा करून आमचे तारण कर' असा होतो. आपण झावळ्यांच्या रविवारी तो जयघोष म्हणून गातो. मुळात ती आर्त हाक आहे. यहुदी लोक मांडवांच्या सणात हातांत डहाळ्या घेऊन प्रदक्षिणा घालतात, तेव्हा ही हाक देतात. त्या सणाच्या सातव्या दिवसाचे नावच 'होशाना रब्बा', म्हणजे थोर होसान्ना, असे आहे. पाऊस पडावा, पीक यावे, पापांची क्षमा व्हावी, अशी त्या दिवसाची प्रार्थना असते. जयघोषाच्या पोटात अशी याचना दडली आहे, हे कळल्यावर हातातली झावळी थोडी जड होते.

'पवित्र, पवित्र, पवित्र' हे गीत तर आपण दर मिस्सेत गातो. यशया संदेष्ट्याला झालेल्या दर्शनातील हा देवदूतांचा घोष यहुदी उपासनेत 'कदुशा' या नावाने येतो. 'कदोश' हा शब्द तीनदा उच्चारताना प्रत्येक वेळी भाविक टाचा उचलून चवड्यांवर उभे राहतात. देवदूतांच्या पंक्तीत बसण्यासाठी माणसाने केलेली ही बोटभर उंचीची धडपड मला फार हृद्य वाटते.

यहुदी प्रार्थनाग्रंथाला 'सिद्दूर' म्हणतात. त्याचा अर्थ क्रम. वल्हांडणाच्या रात्रीच्या विधियुक्त भोजनाला 'सेदेर' म्हणतात. तो शब्दही त्याच धातूचा. दिवसातून तीन वेळा उभ्याने म्हणावयाच्या प्रार्थनेला 'अमिदा', म्हणजे उभे राहणे, असे नाव आहे. सकाळी व रात्री 'श्मा' म्हटली जाते. श्मा म्हणजे 'ऐक'. देव एकच आहे, त्याच्यावर सर्व अंतःकरणाने प्रीती कर, हे सांगणारा हा अनुवादातील उतारा येशूने सर्वांत मोठी आज्ञा म्हणून सांगितला, हे आपल्याला मार्कच्या शुभवर्तमानातून ठाऊक आहे. सार्वजनिक उपासनेसाठी किमान दहा जण लागतात. त्या समूहाला 'मिन्यान' म्हणतात. सनातनी परंपरेत त्यात प्रौढ पुरुषच मोजले जातात. इतर अनेक मंडळ्यांत स्त्रियाही मोजल्या जातात. आणि या साऱ्या क्रमाला जिवंत ठेवणारा शब्द आहे 'कव्वाना' : चित्ताची एकाग्रता, देवाकडे लावलेला रोख. अनाथ आमेनवरचा उपाय हाच.

आशीर्वचनाला 'ब्राखा' म्हणतात. भाकर मोडताना, द्राक्षारस घेताना, फळ खाताना, इंद्रधनुष्य दिसताना, मेघगर्जना ऐकताना, प्रत्येक प्रसंगाची वेगळी ब्राखा आहे. तिचा आरंभ 'बारूख', म्हणजे धन्य, या शब्दाने होतो. व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सेतील अर्पणविधीला भाकर आणि द्राक्षारस उंचावून म्हणण्याच्या ज्या प्रार्थना आल्या, त्या याच यहुदी आशीर्वचनांच्या धर्तीवर रचलेल्या आहेत. आपल्या घरात 'बरकत' येवो असे आपण म्हणतो, तो शब्द अरबीतून मराठीत आला. पण ब्राखा आणि बरकत ही एकाच सेमिटिक धातूची लेकरे आहेत. 'शालोम' आणि 'सलाम' यांचे नातेही तसेच.

हिब्रू ही प्रार्थनेची भाषा. परंतु मध्य आणि पूर्व युरोपातील यहुदी घरांत शतकानुशतके बोलली गेली ती यिद्दिश. जर्मन भाषेच्या बोलींवर उभी राहिलेली, हिब्रू, अरामी आणि स्लाव शब्दांनी समृद्ध झालेली आणि हिब्रू लिपीत लिहिली जाणारी ही भाषा. तिच्यात प्रार्थना करणे म्हणजे 'दावनेन', सभास्थान म्हणजे 'शूल', शब्बाथ म्हणजे 'शब्बेस'. शूल हा शब्द शाळा या अर्थाच्या जर्मन शब्दातून आला आहे. जेथे प्रार्थना तेथेच अध्ययन, असा त्यातला भाव.

जेवणानंतरची उपकारस्तुती म्हणणे किंवा शुक्रवारी सायंकाळी गृहिणीने दिव्यांवर आशीर्वचन उच्चारणे, याला यिद्दिशमध्ये 'बेंचन' म्हणतात. या शब्दाचे मूळ शोधत गेलो, तर आपण लॅटिन 'बेनेदिचेरे'पाशी पोहोचतो. आपल्या धर्मगुरूंच्या तोंडी शतकानुशतके असलेला, आशीर्वाद देणे या अर्थाचा हा शब्द यहुदी घराच्या भोजनाच्या मेजावर वस्तीला गेला. मृत्यूच्या वार्षिक स्मरणदिनाला यिद्दिशमध्ये 'यार्त्साइट' म्हणतात. त्या दिवशी घरात दिवसभर जळणारा दिवा लावतात. मध्ययुगात जर्मन भाषिक ख्रिस्ती लोकही मृतांच्या वार्षिक मिस्सेला याच नावाने ओळखत. आमेन त्यांच्याकडून आपल्याकडे आले आणि बेंचन आपल्याकडून त्यांच्याकडे गेले. एकमेकांपासून भिंतींनी तोडलेल्या वस्त्यांमध्येही शब्दांची अशी देवघेव चालूच होती. माणसांनी मात्र ती नाकारली. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी सुमारे ६० लाख यहुद्यांची हत्या केली; त्यांतील बहुसंख्य यिद्दिशभाषक होते. शेकडो गावांत दावनेन हा शब्द उच्चारणारे कोणीही उरले नाही.

यिद्दिश जशी युरोपातील यहुद्यांच्या भक्तीने घडवली, तशी आपल्या कोकणात बेने इस्राएल समाजाच्या भक्तीने मराठी घडवली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले, असे त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ हरवले, हिब्रू विसरली गेली. पण श्मा राहिली. जन्म, विवाह, मृत्यू, कोणत्याही प्रसंगी ते तेवढेच म्हणत. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. प्रायश्चित्ताचा दिवस 'योम किप्पूर' हा त्यांच्या घरी 'दारफाळणीचा सण' झाला, कारण त्या दिवशी ते दारे लावून घेत. सभास्थानाला ते 'मशीद' म्हणत. मुंबईतील त्यांचे पहिले सभास्थान १७९६ साली उभे राहिले. त्याचे नाव 'शाआर हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार. नवसाच्या वेळी पोहे, नारळ आणि फळे यांचा 'मलिदा' मांडून ते एलिया संदेष्ट्याचे स्मरण करतात. वल्हांडणाच्या रात्री वाचायची 'हागादा' १८७४ साली पुण्यात मराठी अनुवादासह छापली गेली. १९४८ नंतर या समाजातील बहुतेक जण इस्राएलला गेले; आज महाराष्ट्रात थोडेच उरले आहेत.

अलिबागच्या इस्राएल आळीत मी एकदा गेलो होतो. एका दाराच्या चौकटीवर 'मेझुझा' दिसली. अनुवादातील वचने लिहिलेला चर्मपत्राचा तुकडा ज्यात ठेवतात, ती ही लहानशी डबी. आत जाता-येता तिला बोटे लावून ती ओठांना लावायची रीत आहे. चर्चच्या दाराशी पवित्र पाण्यात बोटे बुडवणाऱ्या आपल्या हाताला ही कृती परकी कशी वाटेल? आणि ज्या लोकांनी ग्रंथ गमावूनही एकच वाक्य छातीशी धरले, त्यांची श्मा मला कधीही अनाथ वाटली नाही. त्यांना व्याकरण ठाऊक नव्हते. पण आपण कोणाला हाक मारत आहोत, हे पक्के ठाऊक होते.

ज्याला ही हाक मारायची, त्याच्या नावाविषयीही त्या घरातून आपण काही शिकलो आहोत. मोशेला प्रकट झालेले चार अक्षरी नाव यहुदी लोक उच्चारत नाहीत. प्रार्थनेत त्याऐवजी 'अदोनाय', म्हणजे प्रभू, असे म्हणतात; आणि एरवीच्या बोलण्यात 'हाशेम', म्हणजे नुसते 'ते नाव'. मधल्या काळात ख्रिस्ती गीतांतून 'याहवे' असा उच्चार सर्रास होऊ लागला होता. २९ जून २००८ रोजी व्हॅटिकनच्या उपासनाविषयक विभागाने जगभरच्या महागुरूंच्या परिषदांना पत्र पाठवून कळवले की, उपासनेत, गीतांत आणि प्रार्थनांत या नावाचा उच्चार करू नये. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीनेही ते नाव उच्चारले नव्हते, प्रभू असेच म्हटले होते, याची आठवण त्या पत्राने दिली. आपल्याकडील पतिव्रता पतीचे नाव घेत नसे. तिथे आदर आणि जवळीक दोन्ही असत. हाशेम म्हणणाऱ्याच्या मनात मला तसेच काही दिसते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहिले, तिच्याकडे येतो. शुभ शुक्रवारी आपण सर्व प्रकारच्या लोकांसाठी प्रार्थना करतो. जुन्या लॅटिन विधीत प्रत्येक आवाहनानंतर गुडघे टेकून क्षणभर मौन प्रार्थना होई. यहुद्यांसाठीच्या आवाहनात मात्र त्यांना अविश्वासू ठरवणारे विशेषण होते, आणि त्यापुढे पुरोहितासाठी सूचना छापलेली असे : येथे आमेन म्हणू नये, गुडघे टेकू नयेत. ज्या घरातून आमेन आले, त्याच घराला आपण त्या दिवशी ते नाकारत होतो. ज्या दिवशी एक यहुदी माणूस क्रुसावर मेला, त्याच दिवशी. अनाथ आमेनहून वाईट काही असेल, तर ते हे अडवून धरलेले आमेन. १९५५ साली पोप पायस बारावे यांनी गुडघे टेकण्याची रीत या प्रार्थनेलाही लागू केली. १९५९ साली पोप जॉन तेविसावे यांनी ते विशेषण काढून टाकले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' हा परिषदेचा जाहीरनामा आला आणि ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सर्व यहुद्यांवर लादता येणार नाही, असे ख्रिस्तसभेने निःसंदिग्धपणे सांगितले. १९७० च्या मिस्साग्रंथातील प्रार्थनेत, परमेश्वर ज्यांच्याशी प्रथम बोलला ते लोक, असा यहुद्यांचा उल्लेख आला. १३ एप्रिल १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे रोमच्या सभास्थानात गेले आणि त्यांनी यहुद्यांना थोरले भाऊ म्हटले.

आमेन नाकारणे किती मोठे असते, हे 'कद्दिश' या प्रार्थनेवरून कळते. आई-वडिलांच्या मृत्यूनंतर मुलगा अकरा महिने ती म्हणतो. तिची भाषा मुख्यतः अरामी, येशूच्या बोलण्याची. आश्चर्य असे की, तिच्यात मृत्यूचा उल्लेखही नाही. देवाचे नाव पवित्र मानले जावो आणि त्याचे राज्य लवकर येवो, एवढेच शोकाकुल माणूस मागतो. प्रभूच्या प्रार्थनेचा आरंभ आठवावा. ही प्रार्थना मिन्यानवाचून म्हणता येत नाही. दुःखी माणसाने देवाची स्तुती करावी आणि सभोवतालच्या लोकांनी आमेन म्हणून तिला आधार द्यावा, असा तिचा घाट आहे. उत्तर देणारे कोणी नसेल, तर ती त्याच्या ओठांतच राहते.

पॅरिसचे महागुरू कार्डिनल जाँ-मारी लुस्तिजे यांचा जन्म १९२६ साली पोलंडमधून आलेल्या यहुदी कुटुंबात झाला होता. १९४० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची आई आउश्वित्झच्या छळछावणीत मारली गेली. २००७ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. १० ऑगस्ट रोजी नोत्र दाम कॅथेड्रलच्या प्रांगणात त्यांची शवपेटी आणली गेली. आत मिस्सा सुरू होण्यापूर्वी, कॅथेड्रलच्या दारासमोर, त्यांच्या एका नातलगाने कद्दिश म्हटली.

त्या प्रांगणात महागुरू होते, राजकारणी होते, यहुदी आप्त होते, सामान्य भाविक होते. अरामी जाणणारे त्यांत थोडेच असतील. पण त्या प्रार्थनेत पुन्हापुन्हा येणारा एक शब्द असा होता की, जो तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला भाषांतरावाचून कळत होता. शोक करणारा तो मागत होता आणि सभोवती उभे असलेल्यांनी तो द्यायचा होता.